दूरच्या गावचा गुन्हा आणि घरचा प्रेक्षक



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय यावे, शेतीचा प्रश्न यावा, इतिहासातले एखादे प्रकरण यावे. रात्री जेवणे आटोपल्यावर घरोघर लागणाऱ्या खुनाच्या मालिकेला येथे काय स्थान, असे कोणी विचारील. परंतु ज्या गोष्टीसाठी माणसे दररोज अर्धा तास जागची हलत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत, किराण्याच्या दुकानात आणि बसच्या थांब्यावर जिच्यावरून वाद घालतात, ती गोष्ट क्षुद्र म्हणून बाजूला सारता येत नाही. मालिका चांगली की वाईट हे ठरवण्याचे काम मी टीकाकारांकडे सोपवतो. मला बोलायचे आहे ते प्रेक्षकाविषयी. दूरच्या मुलखात घडणारी गुन्ह्याची गोष्ट पाहताना तो काय म्हणतो, का म्हणतो, आणि त्याच्या म्हणण्यात किती तथ्य असते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

यासाठी दोन उदाहरणे घेऊ. एक आपल्याच राज्यातले, सावंतवाडीजवळचे. दुसरे स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रात पसरलेल्या शेटलंड बेटांचे. आपल्या या वाडीपासून सावंतवाडी नऊशे-हजार किलोमीटर दूर आहे आणि शेटलंड तर पृथ्वीच्या पार वरच्या टोकाशी. तरी या दोन्ही ठिकाणच्या गोष्टींवर प्रेक्षकांनी जे म्हटले ते इतके सारखे आहे की, त्यातून मनुष्यस्वभावाचा एक नियमच हाती लागतो.

बेट आणि वाडा

प्रथम गोष्टींचा परिचय. शेटलंड हा सुमारे शंभर बेटांचा समूह. त्यातील सोळाएक बेटांवर मनुष्यवस्ती आहे आणि सगळी मिळून लोकसंख्या तेवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. लरविक हे मुख्य गाव. ॲबर्डीन बंदरातून निघालेली बोट रात्रभर समुद्र कापीत सकाळी तेथे पोचते. हिवाळ्यात दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास, तर उन्हाळ्यात मध्यरात्रीही पुरता अंधार होत नाही. या बेटांचा इतिहासही मोठा मजेचा आहे. ती पूर्वी डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाकडे होती. मुलीच्या लग्नात ठरलेल्या हुंड्याची रक्कम भरता येईना, तेव्हा त्या राजाने १४६९ साली ही बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली, आणि ती काही पुन्हा सुटली नाहीत. १६६१ च्या विवाहतहात मुंबई इंग्रजांकडे आंदण गेली हे आपण शाळेत शिकलो आहोत. तेव्हा हुंड्यापायी मुलूख हातचा जाण्याची ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

ॲन क्लीव्ह्‌ज नावाच्या लेखिका तरुणपणी, १९७० नंतरच्या दशकात, या समूहातील फेअर आइल बेटावर पक्षिनिरीक्षण केंद्रात स्वयंपाकाच्या कामाला होत्या. पुढे त्यांनी या बेटांवर घडणाऱ्या रहस्यकादंबऱ्यांची एक मालाच लिहिली. तिच्यातील पहिली २००६ साली प्रसिद्ध झाली. मार्च २०१३ मध्ये बी.बी.सी.ने त्यावरून ‘शेटलंड’ ही मालिका सुरू केली. जिमी पेरेझ नावाचा, शांत आणि थोडा दुःखी असा पोलीस अधिकारी तिचा नायक.

आता आपल्याकडचे उदाहरण. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठी वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. कोकणातले नाईक घराणे. घरातला वडीलधारा पुरुष अण्णा आरंभीच मरण पावतो. विखुरलेली मुले, सुना, नातवंडे वाड्यात जमतात, आणि मग एकामागून एक चमत्कारिक प्रकार घडू लागतात. ते भुताटकीचे आहेत की माणसाने केलेले आहेत, या एका प्रश्नावर मालिकेने आठ महिने प्रेक्षकाला धरून ठेवले. पुढे २०१९ मध्ये दुसरा भाग आला, तो अण्णा जिवंत असतानाच्या काळाचा. आणि २०२१ मध्ये तिसरा. चित्रीकरण झाले ते सावंतवाडीहून कुडाळकडे जाताना लागणाऱ्या आकेरी गावातील एका जुन्या वाड्यात.

बेट आणि वाडा या दोन जागा लेखकाने उगाच निवडलेल्या नाहीत. रहस्यकथेला बंद दार लागते. आपल्या येथील अमरावती रस्ता पाहा. मालधक्के, गोदामे, रात्रभर येणारे-जाणारे ट्रक. येथे गुन्हा करून एखादा ट्रकच्या केबिनमध्ये बसला की, उजाडेपर्यंत तो दुसऱ्या जिल्ह्यात. अशा ठिकाणी गुन्हेगाराचा पाठलाग रंगवता येतो, पण ‘यांच्यापैकी कोण?’ हा प्रश्न रंगत नाही. बेटावर तो रंगतो. वादळ उठले, बोट थांबली, की खून करणारा आणि खुनाचा तपास करणारा दोघेही त्याच बेटावर. संशयित मोजके, आणि ते सगळे एकमेकांचे शेजारी, व्याही, मित्र. कोकणातला वाडाही असाच. भोवती गर्द झाडी, रस्ता दूर, पावसाळ्यात तर जगाशी संबंध तुटल्यासारखा. आत एकाच रक्ताची माणसे आणि त्यांच्यात वाटणीचा जुना कलह. येथे खुनी बाहेरून येत नाही. तो पंक्तीला आपल्या शेजारीच बसलेला असतो. प्रेक्षकाच्या अंगावर शहारा येतो तो रक्ताने नव्हे, या शेजाराने.

मराठी वाचकाला रहस्यकथा नवी नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार व काळापहाड या त्यांच्या नायकांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सी.आय.डी.’ने तोच छंद दूरचित्रवाणीवर आणला. परंतु त्या गोष्टींत ‘कोणी केले’ हे महत्त्वाचे. ‘कोठे घडले’ हे बहुधा गौण. बेटावरच्या आणि वाड्यातल्या मालिकांनी मात्र ठिकाणालाच पात्र केले. त्यामुळे प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेतही एक नवा भाग आला. तो गोष्टीविषयी बोलू लागला, तसाच गावाविषयीही बोलू लागला.

बाहेरचा प्रेक्षक

अशा मालिकेचे प्रेक्षक दोन प्रकारचे असतात. एक बाहेरचा, दुसरा घरचा. दोघे एकच दृश्य पाहतात, पण त्यांना दिसते ते वेगळे.

बाहेरचा प्रेक्षक प्रथम भुलतो तो देखाव्याला. लंडनमध्ये राहणाऱ्या माणसाला शेटलंडचे वृक्षहीन माळ, करडा समुद्र, एकटे घर आणि वाऱ्याने वाकलेले गवत पाहून वाटते, आपण तेथे जावे. नागपूरच्या मेमधल्या उन्हात बसलेल्या माणसाला कोकणातली हिरवी पायवाट, कौलारू छप्पर आणि तुळशीवृंदावन पाहून तेच वाटते. मौज अशी की, जेथे आठवड्याला एक मुडदा पडतो असे तो पाहतो, तेथेच त्याला सुटीत जायचे असते. लरविकमध्ये समुद्राच्या पाण्याला टेकून उभे असलेले एक दगडी घर मालिकेत पेरेझचे घर म्हणून दाखवले. आज प्रवासी त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. आकेरीच्या वाड्याचेही तसेच झाले. ‘अण्णा नाईकांचा वाडा’ पाहण्यासाठी पर्यटकांची रीघ लागली. गोव्याला निघालेली माणसे वाट वाकडी करून तेथे जाऊ लागली. तो कोणाचा तरी खरा वाडा आहे, त्यालाही स्वतःचा इतिहास आहे, ही गोष्ट मागे पडली.

बाहेरच्या प्रेक्षकाची दुसरी प्रतिक्रिया भाषेविषयीची. शेटलंडची बोली ही स्कॉट भाषेची असली तरी तिच्यात जुन्या नॉर्स भाषेचे पुष्कळ शब्द मुरलेले आहेत. ती अस्सल बोलली तर इंग्लंडातल्या माणसाला धड कळायची नाही. मालिकेत बहुतेक पात्रे साधी स्कॉटिश ढंगाची इंग्रजी बोलतात. तरीही काही प्रेक्षकांना पात्रांचे बोलणे समजायला जड जाते! आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी बोली धीटपणे वापरली. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला आरंभी काही वाक्ये अडली असतील. पण पांडू या विसराळू गड्याचा ‘इसरलंय’ हा एक शब्द महाराष्ट्रभर पसरला. यात वाहिनीचे धाडस होते, आणि त्याआधीची एक पुण्याईही होती. १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने, मच्छिंद्र कांबळींच्या अभिनयाने, मालवणीला सगळ्या महाराष्ट्राचे कान मिळवून दिले होते.

तिसरी प्रतिक्रिया पात्रांच्या लळ्याची. कादंबरीतला पेरेझ काळ्या केसांचा. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातले एक जहाज फेअर आइलवर फुटले, त्यातून वाचलेल्या खलाशाचा तो वंशज अशी लेखिकेची कल्पना. मालिकेत ती भूमिका केली डग्लस हेन्शल यांनी, जे मुळीच तसे दिसत नाहीत. ज्यांनी पुस्तके वाचली होती त्यांनी तक्रार केली. पण पुढे हाच पेरेझ लोकांना इतका आपला वाटू लागला की, २०२२ मध्ये हेन्शल यांनी मालिका सोडली आणि २०२३ मध्ये ॲशली जेन्सन या नव्या नायिका म्हणून आल्या, तेव्हा ‘आता ती मालिका उरली नाही’ असे म्हणणारेही निघाले. आपल्याकडे शेवंताची भूमिका करणाऱ्या अपूर्वा नेमळेकर तिसऱ्या भागातून बाहेर पडल्या आणि कृतिका तुळसकर आल्या, तेव्हा प्रेक्षकांनी अगदी असाच सूर लावला. भूमिका लेखकाची असते, चेहरा नटाचा असतो. पण रोज पाहून पाहून प्रेक्षकाला तो चेहरा घरच्या माणसाइतका हक्काचा वाटू लागतो.

बाहेरच्या प्रेक्षकाच्या या साऱ्या प्रतिक्रियांत खोट काही नाही. करमणूक म्हणून पाहणाऱ्याने करमणूक करून घ्यावी. मात्र त्याच्याकडून नकळत एक गोष्ट घडते. मालिका संपल्यावर गुन्हेगाराचे नाव तो विसरतो, पण गावाविषयीची समजूत विसरत नाही. ‘तिकडची माणसे तशीच असतात’ हे वाक्य त्याच्या मनात शिल्लक राहते.

घरचा प्रेक्षक

आता घरच्या प्रेक्षकाकडे वळू. तो प्रथम चुका शोधतो. शेटलंडचा रहिवासी पाहतो की, नायकाची गाडी एका रस्त्यावर वळली आणि निघाली ती भलत्याच टोकाला. मालिकेचा बराचसा भाग प्रत्यक्ष बेटांवर नव्हे, स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर चित्रित होतो. तेव्हा एखादे झाड, एखादी भिंत त्याच्या डोळ्यांत खुपते. तो म्हणतो, ‘आमच्याकडे खून वर्षानुवर्षे होत नाही, आणि यांनी तर बेटे रिकामी करायला घेतली.’ तरी तो पाहतो. आपले गाव जगाला दिसते आहे याचा अभिमान आणि ते चुकीचे दिसते आहे याचा संताप, हे दोन्ही त्याच्या मनात एकाच वेळी असतात.

कोकणात हा संताप अधिक तीव्र होता. मालिका सुरू झाली तशी सिंधुदुर्गातून आक्षेप निघाले. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, मालिका बंद करावी, अशी मागणी झाली. या आक्षेपाची थट्टा करणे सोपे आहे. ‘अहो, करमणूक आहे, एवढे काय मनावर घेता?’ असे आपण नागपूरकर सहज म्हणून जातो. पण त्यामागची कारणे नीट पाहिली तर आक्षेप इतका हलका वाटत नाही.

पहिले कारण काळाचे. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, ज्या घरात उतारे, अंगात येणे आणि सावल्या दिसणे यांवर कथेची सारी भिस्त आहे, अशी मालिका राज्यभर दिसू लागली. मालिकेने शेवटी काहीही उलगडा करो. तो शेवट दिसण्यापूर्वी आठ महिने प्रेक्षकाने भीतीच पाहिलेली असते. ज्याने मधलेच वीस भाग पाहिले, त्याच्या हाती काय लागले? रोजच्या मालिकेचा हा दोष चित्रपटाला लागू नाही. चित्रपटात भीती आणि तिचे स्पष्टीकरण एकाच बैठकीत मिळते.

दुसरे कारण श्रद्धेचे. कोकणात राखणदार आहे, ग्रामदेवतेपुढे घातले जाणारे गाऱ्हाणे आहे, कौल आहे. या गोष्टी पटोत न पटोत, त्या गावाने मिळून करायच्या आहेत, उजेडात करायच्या आहेत, आणि त्यांत वर्षभराच्या सुखदुःखाचा हिशेब आहे. करणी आणि चेटूक ही निराळी गोष्ट. बाहेरच्या माणसाला या दोहोंतला फरक दिसत नाही. तो सगळ्याला ‘कोकणातली भुतेखेते’ म्हणून एकाच पोत्यात घालतो. घरच्या माणसाला राग येतो तो या सरमिसळीचा. ज्याला अंधश्रद्धेविरुद्ध काम करायचे आहे त्यालाही ही सरमिसळ नको असते, कारण रोग कोणता आणि रिवाज कोणता हे वेगळे केल्याशिवाय उपचार होत नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते आहे खिडक्यांच्या संख्येचे. मुंबईवर शेकडो चित्रपट, नाटके, मालिका झाल्या. त्यांतल्या पन्नासांत गुंड दाखवले तरी मुंबईची बदनामी झाली असे कोणी म्हणत नाही, कारण उरलेल्यांत मुंबईचा डॉक्टर, कारकून, गिरणी कामगार आणि शाळामास्तर दिसतो. ज्या मुलखाकडे पाहायला जगाला एकच खिडकी आहे, त्या खिडकीतून मुडदा दिसला तर जग म्हणते, तेथे मुडदेच असतात. कोकणाला निदान पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा आहे, मालवणी नाटके आहेत, दशावतार आहे. म्हणजे चार-पाच खिडक्या आहेत. शेटलंडला त्याहून कमी. आणि आपल्याला?

आपण घरचे होतो तेव्हा

हा प्रश्न मी मुद्दाम आपल्या दारी आणून ठेवला आहे. विदर्भाची बोली दूरचित्रवाणीवर येते ती बहुधा हसवण्यासाठी. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या गुणी नटाने वऱ्हाडी बोलीला मोठा प्रेक्षक मिळवून दिला हे खरे, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ‘काऊन’ आणि ‘करून राहिलो’ म्हणणारा माणूस गंभीर प्रसंगी, न्यायाधीश म्हणून, शिक्षिका म्हणून, तपास करणारा फौजदार म्हणून किती वेळा दिसतो? विनोद सोडला तर विदर्भ दिसतो तो बातम्यांतल्या शेतकरी आत्महत्यांमधून. म्हणजे आपल्याकडे खिडक्या दोन: एक हसण्याची, एक रडण्याची. मधल्या जगण्याची खिडकी अजून भिंतीतच आहे.

आणि मग आपल्याच शहरातला एक गुन्हा पडद्यावर आला. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार केले. त्या जमावात कस्तुरबानगर वस्तीतल्या स्त्रिया होत्या. वर्षानुवर्षे या माणसाने वस्तीवर दहशत बसवली होती, बलात्कार केले होते, आणि तक्रार घेऊन गेलेल्यांना पोलिसांकडून संरक्षण मिळत नव्हते. तो जामिनावर पुन्हा सुटणार अशी भीती वस्तीत पसरली आणि त्यातून तो प्रकार घडला. पुढे खटला चालला. २०१४ मध्ये न्यायालयाने आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. या घटनेवरून ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट २०२१ मध्ये आला, आणि २०२२ मध्ये उमेश कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला तीन भागांचा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला.

येथे आपण बाहेरचे प्रेक्षक नव्हतो. आपला प्रश्न ‘कोणी मारले?’ हा नव्हताच. आपल्यापैकी ज्यांना ते दिवस आठवतात त्यांचा प्रश्न होता, ‘हे इथवर आले कसे? ठाणे होते, न्यायालय होते, वर्तमानपत्रे होती, आपण होतो. मग इतकी वर्षे त्या बायकांचे कोणी ऐकले का नाही?’ आणि त्याचबरोबर मनात दुसरेही आले असेल: ‘आता देशभर नागपूरचे नाव याच गोष्टीने होणार काय?’ कोकणच्या माणसाचे दुखणे आपल्याला येथे कळते. आपलेही दुखणे तेच आहे. फरक एवढाच की, त्याची गोष्ट रचलेली होती आणि आपली घडलेली.

मात्र या उदाहरणातून घरच्या प्रेक्षकाने एक धडा घ्यावा असा आहे. गावाची बदनामी होते म्हणून ही गोष्ट दाखवूच नये असे जर आपण म्हटले असते, तर आपण कोणाची बाजू घेतली असती? गावाचे नाव राखण्याच्या हट्टाखाली ज्यांचे तोंड आधीच दाबलेले होते त्यांचेच तोंड पुन्हा दाबले गेले असते. माहितीपटात वस्तीतल्या स्त्रिया स्वतः बोलतात. त्यांच्या बोलण्याने नागपूरची अब्रू जात नाही. अब्रू गेली असेल तर ती त्यांचे म्हणणे कोणी ऐकत नव्हते त्या काळात गेली.

मागायचे काय

तेव्हा प्रेक्षकाने मागायचे काय? ‘आमचे गाव चांगलेच दाखवा’ ही मागणी टिकणारी नाही. प्रत्येक गावात मत्सर आहे, वाटणीचे भांडण आहे, क्वचित गुन्हाही आहे. चांगलेच दाखवायचे तर गोष्ट उरत नाही, जाहिरात उरते. उलट ‘करमणूक आहे, काहीही दाखवा’ हेही बरोबर नाही. या दोहोंमध्ये तीन मागण्या रास्त आहेत असे मला वाटते.

पहिली मागणी अचूकपणाची. बोली बोलायची तर नीट बोला, रीत दाखवायची तर ती कोणत्या दिवशी, कोण, कशासाठी करतो हे विचारून दाखवा. ‘रात्रीस खेळ चाले’चे एक लेखक प्रल्हाद कुडतरकर यांनीच पांडूची भूमिका केली, आणि त्यांची मालवणी कोकणी माणसालाही गोड लागली. बदनामीची तक्रार करणारा माणूससुद्धा त्या बोलण्यावर हसत होता. अचूकपणाने अर्धा राग आपोआप ओसरतो.

दुसरी मागणी संयमाची. ‘शेटलंड’च्या तिसऱ्या पर्वात, म्हणजे २०१६ मध्येच, तपास करणाऱ्या तरुण महिला पोलीस अधिकाऱ्यावर बलात्कार होतो असे कथानक होते. मालिकेने तो प्रसंग दाखवला नाही. त्यानंतर ती कशी बोलते, कशी गप्प होते, पुन्हा कामावर कशी येते, एवढेच दाखवले. प्रेक्षकांनी या संयमाचे मनापासून कौतुक केले. आमच्याकडे मात्र २०२० मध्ये आलेल्या ‘देवमाणूस’चे उदाहरण पाहा. खरोखर उघडकीस आलेल्या हत्याकांडाच्या बातम्यांवरून ती सुचलेली होती. तीमधला खुनी डॉक्टर लोकांना इतका आवडला की, ऑगस्ट २०२१ मध्ये मालिका संपली आणि डिसेंबरात तिचा दुसरा भाग हजर झाला. नटाने काम उत्तम केले याचे हे प्रमाण आहे खरे. पण ज्यांच्या मुली, ज्यांच्या आया खऱ्या घटनेत गेल्या, त्यांनी त्या वेळी दूरचित्रवाणी संच लावला असेल तर त्यांना काय वाटले असेल, हा प्रश्न आपण प्रेक्षक म्हणून स्वतःला विचारला पाहिजे. वाहिनी तेच देते जे आपण पाहतो.

तिसरी मागणी दुसऱ्या खिडकीची, आणि ती एकट्या वाहिनीकडे करून भागत नाही. शेटलंडची लेखिका त्या बेटावर राहिली, तेथल्या वाऱ्यात काम केले, मग लिहू लागली. आपल्या वाडीत काय कमी आहे? अंबाझरीच्या आयुध कारखान्यामुळे नाना प्रांतांची माणसे येथे येऊन स्थिरावली. महामार्गावर देशभरचा माल उतरतो आणि चढतो. रात्रपाळीचा कामगार आहे, गोदामाचा राखणदार आहे, ट्रकवरचा पोरगा क्लीनर आहे. यांच्यावर गोष्टी कोणी लिहिल्या? आपण लिहिल्या नाहीत, तर एखादे दिवशी मुंबईहून कोणी येईल, आठ दिवस राहील, आणि अमरावती रस्त्यावरच्या एका अंधाऱ्या गोदामात एक मुडदा ठेवून जाईल. मग आपण निवेदने काढू. त्यापेक्षा आधीच आपली खिडकी आपण उघडलेली बरी.

शेवटी एकच विनंती. यापुढे दूरच्या गावची अशी गोष्ट पाहाल तेव्हा ती आनंदाने पाहा. खुनी कोण याच्या पैजा लावा. त्यात काही कमीपणा नाही. पण ‘तिकडची माणसे तशीच’ हे वाक्य ओठांवर आले की क्षणभर थांबा. त्या गावातही या वेळी कोणीतरी घरात बसून तीच मालिका पाहत असेल, आणि बाहेरचे लोक आपल्याविषयी काय म्हणत असतील याचा विचार करीत असेल. तो आपल्यासारखाच घरचा प्रेक्षक आहे. त्याच्या तक्रारीत कधी अतिशयोक्ती असेल, कधी नुसता अभिमान असेल; तरी ती एकदा ऐकून घ्यावी. आपली वेळ येईल तेव्हा आपलेही कोणी ऐकावे असे वाटत असेल, तर एवढे केलेच पाहिजे.